डावीकडून ये

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर बारा हातमोजे पाण्याने भरून टांगलेले होते. आमच्या कारखान्यात रबरी हातमोजे बनतात आणि मी त्यांची गळती तपासतो. प्रत्येक गठ्ठ्यातून काही मोजे उचलायचे, नळीच्या तोंडाला अडकवायचे, लिटरभर पाणी सोडायचं आणि दोन मिनिटं टक लावून बघायचं. कुठे थेंब फुटला की गठ्ठा बाजूला. सोळा वर्षं हेच करतोय. सोळा वर्षं त्या फुगलेल्या बोटांचं मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं, उलट नवीन कुणी कामावर आलं की एखाद्या मोज्याशी शेकहँड करून दाखवायचो. आता बघवत नाही. पाणी भरलं की ती बोटं पांढरट होतात, ताणतात, आतून काहीतरी सरकल्यासारखी हलतात, आणि माझ्या जिभेच्या मुळाशी आंबट पाणी येतं. "भाऊजी, शनिवारी दुपारी मोकळे आहात का?" मेव्हणा म्हणाला. "कान तपासायला जायचंय. जरा बरोबर या." कुणाचे कान, मी विचारलं. "माझेच हो. मला नीट ऐकू येत नाही बहुतेक. त्या दिवशी तुमची हाक कुठे ऐकू आली?" तो आपला बोलत राहिला, नेहमीच्याच खेळकर आवाजात. तो शाळेत खेळाचा शिक्षक आहे. शाळेच्या मैदानात चढाईच्या सरावासाठी एक उंच भिंत बांधलेली आहे आणि पोरं वर चढतात तेव्हा खाली दोर धरून तो उभा असतो. ते काम माझ्याकडून काढून घ्या असा अर्ज त्याने मुख्याध्यापिकेकडे दिला होता. सोमवारी त्यावर निर्णय होणार होता. "ज्याला वरची हाक ऐकू येत नाही त्याने पोरांचा दोर धरू नये. बरोबर ना, भाऊजी?" मी म्हणालो, बरोबर. माझ्या तोंडून तेच निघालं. फोन ठेवला तेव्हा दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती आणि बाराच्या बारा मोजे मला पुन्हा भरावे लागले.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे घोळ नको. मी हाक दिलीच नव्हती. आठ महिन्यांपूर्वी एका कातळावर मी पुढे चढत होतो आणि तो खाली दोर धरून उभा होता. चाळीस फुटांवर एका आडव्या कपारीत मला फुरसं दिसलं, छोटा पण विषारी साप. मी ते बघितलं, बाजूने वर गेलो आणि खाली एक अक्षर बोललो नाही. मग तो चढला आणि त्याच कपारीत त्याने उजवा हात घातला. एवढंच आहे. मला याची लाज वाटते असं म्हणता आलं असतं, पण लाज हा फार स्वच्छ शब्द झाला. लाज वाटणारा माणूस निदान मान खाली घालतो. मला येते ती किळस. सकाळी दात घासताना आरशात जीभ दिसते, ओली, जाड, मधोमध चीर असलेली, आणि वाटतं, हीच ती, तोंडात लपून बसलेली. ब्रश टाकून मी चुळा भरत राहतो. बायको बाहेरून विचारते, "अजून किती वेळ? पाणी काय फुकट येतं का?" तिला वाटतं मला पित्त झालंय. गेले आठ महिने ती मला पित्ताच्या गोळ्या देते आणि मी त्या निमूटपणे घेतो.

कातळावर चढणाऱ्यांचा एक नियम मला मेव्हण्यानेच पहिल्या दिवशी शिकवला होता. पुढे जाणाऱ्याला जे दिसेल ते त्याने मागच्याला ओरडून सांगायचं. हलणारा दगड, ओलं शेवाळ, गांधीलमाश्यांचं पोळं, काहीही. मागच्याचं तोंड दगडाला चिकटलेलं असतं, त्याला आपल्या बोटांपुढचं दिसत नाही, तो पुढच्याच्या डोळ्यांवर चढत असतो. "इथे लाजायचं नाही, भाऊजी. दिसलं की बोंब मारायची." मला हे काम भलतंच आवडलं. गळती शोधण्यात जन्म घालवलेला माणूस मी, मला बारीकसारीक दिसतं. मी मधे असलो की सगळं सांगत सुटायचो. इथे मुंग्या आहेत. हा दगड पोकळ वाजतोय. इथे कुठल्या तरी पक्ष्याची घाण आहे. मेव्हण्याने महिन्याभरात माझं नाव भोंगा ठेवलं. सगळ्या टोळीत तेच झालं, भोंगा आला का, भोंग्याला मधे घ्या. मला वाईट वाटायचं नाही. चाळिशीत कुणी नवीन नाव ठेवलं तर खरं म्हणजे बरंच वाटतं. मग एकदा आम्ही सहा जण असताना, मी दोरावर लटकून "साप, साप" म्हणून अशी काही बोंब ठोकली की खालचे सगळे पांगले. मेव्हण्याने वर येऊन त्या फटीत हात घालून ते बाहेर ओढलं. पूर्वी कुणीतरी सोडून गेलेला पट्ट्याचा तुकडा होता, उन्हाने विटलेला. तो त्याने गळ्यात घातला आणि दिवसभर तसाच हिंडला. जेवताना सगळे फुस्स फुस्स करत एकमेकांना पाण्याची बाटली देत होते. घरी त्याने ताईला सांगितलं, म्हणजे माझ्या बायकोला, आणि तिने माझ्या पँटचा पट्टा वेटोळं करून उशीवर ठेवला. मी हसलो. हसलो नसतो तर आणखी हसले असते. त्यानंतर मी हाका कमी केल्या, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. कातळाच्या पायथ्याशी पोचल्यावर त्याने दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "आज तुम्ही पुढे." मी आजवर कधी पुढे गेलो नव्हतो, म्हणजे वरून कुणी धरलेलं नाही, दोर आपणच वर न्यायचा, असं कधीच नाही. तरी मी खूश होतो. चढताना स्वतःचाच श्वास ऐकत होतो. दगड उन्हाने कोमट झालेला, खरखरीत, हाताला चांगला वाटणारा. चाळीस फुटांवर ती कपार लागली, चार बोटं उंचीची, आडवी, दोन्ही हात आरामात मावतील अशी. तिच्या काठाला बोटं लावून मी तोंड वर काढलं, आणि ते माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. फुरसं एवढंसं असतं. करंगळीपेक्षा थोडं जाड, मातकट, अंगावर फिकट नक्षी. त्याच्यावर धूळ बसली होती हे मला आधी दिसलं, कपाटामागे पडलेल्या वस्तूवर बसते तशी. मग ते हललं. जागचं न हलता हललं. वळ्यावर वळी घासत राहिलं आणि तापल्या तव्यावर पाण्याचा हात झटकला की होतो तसा आवाज आला. ते स्वतःलाच घासत होतं. डोळ्यात उभी चीर होती आणि ती माझ्याकडे बघत होती की नाही तेसुद्धा कळत नव्हतं. मला भीती वाटली असती तर फार बरं झालं असतं. भीतीने माणूस ओरडतो. मला आली ती शिसारी, पार पोटाच्या तळापासून, आणि शिसारी आली की माणूस तोंड मिटून घेतो.

तोंड मिटलं ते मिटलंच. बोटं एकेक करून काढली, डावीकडे सरकलो, तिथे एक बरी खोबण होती, तिच्यावरून वर गेलो. वर पोचलो, झाडाला दोर बांधला, आणि मग माझ्याजवळ निदान दहा मिनिटं होती. हे मी आठ महिन्यांत कितीदा मोजलंय. दहा मिनिटांत मला काय काय वाटलं तेही सांगतो. वाटलं, गेलं असेल ते आत. वाटलं, आता सांगितलं तर तो विचारेल, तेव्हाच का नाही सांगितलंत. वाटलं, खालून आवाज येणार, भोंगा, साप की पट्टा? आणि संध्याकाळी घरी ताईला रंगवून सांगणार, भाऊजी पहिल्यांदा पुढे गेले आणि पहिल्यांदाच साप निघाला. वाटलं, एवढा मस्त चढलो, याला आता ते गालबोट नको. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. त्याचं नाव तोंडातून काढायचं म्हणजे ते तोंडात घेण्यासारखं वाटत होतं. साप हा शब्द ओठांशी यायचा आणि मला तो दाताखाली लागायचा, धुळीसकट. मी थुंकलो. मग दोर तीनदा ओढला. चढ, अशी ती आमची खूण.

तो ओरडला नाही. दोर एकदम जड झाला एवढंच मला कळलं. मग खालून त्याचा आवाज आला, अगदी शांत, रस्ता विचारावा तसा. "भाऊजी, चावलं." त्याला खाली सोडलं, मी उतरलो, तेव्हा हात मनगटापर्यंत सुजला होता. मोटारीपर्यंत दीड तासाची वाट. त्यातली बरीचशी मी त्याला पाठीवर घेऊन चाललो. माझ्या कानाजवळ त्याचं तोंड होतं आणि हिरड्यांतून रक्त येत होतं, ते माझ्या कॉलरवर, मानेवर, उबदार. "सॉरी, भाऊजी," तो म्हणत होता. "शर्ट खराब झाला तुमचा." दवाखान्यात प्रतिविषाच्या बाटल्यांवर बाटल्या लागल्या. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही पाठीवर घेऊन आलात म्हणून वाचला. तो चालला असता तर विष भराभर पसरलं असतं. नर्सने मला खुर्ची दिली, कुणी बिस्किटं आणून दिली. तेवढ्यात बायको धावत आली, एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल. त्यांची आई गेली तेव्हा ही एकोणीस वर्षांची होती आणि हा नऊ वर्षांचा; हिनेच त्याला आंघोळी घातल्या, अभ्यास घेतला, वाढवला. तिने माझे दोन्ही दंड धरले. "तू पुढे होतास ना? तुला दिसलं नाही? तू हाक नव्हती दिलीस?" तेव्हा मला ओकारी येत होती, ती दाबण्यासाठी मी मान हलवली आणि म्हणालो, "दिली होती." एवढं म्हटलं आणि ओकारी थांबली. ते मला अजून सगळ्यात घाण वाटतं. आत कसं छान मोकळं वाटलं.

मधलं बोट गेलं. आधी काळं पडलं, मग पेराशी ओलं झालं, मग डॉक्टरांनी ते मुळापासून काढलं. शेजारचं बोट राहिलं, पण लाकडासारखं. बायकोला जखम बघवायची नाही, म्हणून सहा आठवडे पट्टी मी बदलली. रोज संध्याकाळी कारखान्यातून निघताना आमचेच दोन मोजे घेऊन त्याच्या खोलीवर जायचो. पिवळं पाणी, चिकटलेली कापसाची तार, तो वास. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल, गोडसर असतो, आणि जेवताना आठवतो. मी नाक मुरडत नव्हतो. उलट मला वाटायचं, आणखी घाण असू दे, पू येऊ दे, हे मला मिळायलाच हवं. आणि त्यातसुद्धा कुठेतरी मी स्वतःवर खूश असायचो, म्हणजे बघा. "तुमच्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं," तो म्हणायचा. एकदा पट्टी गुंडाळता गुंडाळता मी म्हणालो, "अरे, त्या दिवशी..." त्याने लगेच डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "भाऊजी, सोडा. मला माहितीये तुम्हाला झोप लागत नाही. ताई सांगते. पण चूक माझी आहे. तुम्ही मुंगी सोडत नाही, फुरसं सोडाल? तुम्ही ओरडला असणारच. माझंच लक्ष नव्हतं." आणि मी पट्टीला गाठ मारली. असं तीनदा झालं. तीनही वेळा त्यानेच मला सोडवलं आणि तीनही वेळा मी सुटलो. घरी बायको माझ्यासाठी गरम पाणी काढून ठेवायची. मला जवळ घ्यायची. तिचा हात पाठीवरून फिरायचा, नेमका जिथे त्याचं रक्त सुकलं होतं तिथून, आणि मी डोळे मिटून वाट बघायचो, कधी थांबेल.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा, दोन्हीकडे बंद दारं, फिनेलचा वास. कानाची तपासणी करणारी बाई तिशीची असेल, झपझप बोलणारी. तिने त्याला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाडे गोळे चढवले आणि हातात बटण दिलं. बारीकसा सूर ऐकू आला की दाबायचं. मी बाहेर स्टुलावर. काचेतून तो दिसत होता, डोळे मिटलेले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा कपाळावर आठ्या घातलेला. बटण त्याने सवयीने उजव्या हातातच धरलं होतं आणि मधल्या बोटाच्या रिकाम्या जागेतून ते सारखं निसटत होतं. बाईच्या यंत्रावर दिवा लागायचा, मला काहीच ऐकू यायचं नाही, आणि आत त्याचा अंगठा लगेच दाबला जायचा. लागला दिवा, दाबला अंगठा. दर वेळी. वीस मिनिटं मी ते बघत बसलो. एकदा तरी चुकावा असं मला मनापासून वाटत होतं. होय, वाटत होतं. थोडासा बहिरा निघाला असता तर काय बिघडलं असतं, किती लोक असतात, बारीकसं यंत्र कानामागे लावतात आणि हिंडतात मजेत. मी असा विचार करतोय हे कळलं तेव्हा हात पँटला पुसले. ते कोरडेच होते.

"विसाव्या वर्षी असतात तसे कान आहेत तुमचे," बाई म्हणाली. "कशाला आलात?" मला वाटलं तो हसेल. त्याचा चेहरा पडला. बोटांनी गुडघा दाबत तो बसून राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कान नाहीत. डोक्यातच काहीतरी आहे. हे तर जास्तच वाईट." मग त्याने तिला सगळी हकीकत सांगितली, माझ्यासमोर. वरून यांनी हाक दिली, मला ती ऐकू आली नाही. पुढे सापाचं घासणं मात्र ऐकलं, एवढंसं, पण ऐकलं, तोवर हात आत गेला होता. "सापाचा आवाज येतो आणि माणसाचा येत नाही, असं कसं? उद्या वरून पोरगं ओरडेल आणि मी खाली ढिम्म उभा राहीन." बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. एवढ्या दिवसांत मी तो तसा ऐकला नव्हता. पट्ट्या बदलताना नाही, बोट काढलं तेव्हाही नाही. मी त्याचं बोट घेतलं होतं असं मला आजवर वाटत होतं. मी त्याचा स्वतःवरचा भरवसा घेतला होता आणि तो तपासून घ्यायला त्याने मलाच बरोबर आणलं होतं.

बाई म्हणाली, माणसाच्या आवाजाचीही तपासणी असते, करून टाकू. व्हरांड्याच्या एका टोकाला त्याला खुर्चीवर बसवलं, तोंड भिंतीकडे. मला कागद दिला आणि दुसऱ्या टोकाला उभं केलं. नेहमीच्या आवाजात एकेक वाक्य म्हणायचं. जे ऐकू येईल ते त्याने जसंच्या तसं परत म्हणायचं. ती त्याच्याजवळ उभी राहून खुणा करणार. "आणि भाऊजी," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "शेवटी तेच म्हणा. त्या दिवशी म्हणालात तेच." मी वाचायला लागलो. खिडकी बंद आहे. त्याचा आवाज आला, खिडकी बंद आहे. दूध संपलं. दूध संपलं. माझी छत्री कुठे आहे? माझी छत्री कुठे आहे? दहा वाक्यं झाली. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. कागद संपला. तो वाट बघत होता, पाठ ताठ, मान जराशी वर, कातळाखाली उभा राहायचा तशी. मी काय म्हणालो होतो, हे आठ महिन्यांत मला कुणी विचारलंच नव्हतं. मला ते तिथल्या तिथे बनवावं लागलं. "उजव्या कपारीत साप आहे," मी म्हणालो. "डावीकडून ये." किती सोपं होतं ते. चार सेकंदही लागले नाहीत. तोंडात काही आलं नाही, दाताखाली काही लागलं नाही. व्हरांड्याच्या त्या टोकाकडून त्याने ते परत म्हटलं, स्वच्छ, शब्दाला शब्द. उजव्या कपारीत साप आहे. डावीकडून ये. बाईने खूण केली. आणि मग त्याचे खांदे खाली आले. "एवढं स्पष्ट," तो स्वतःशीच म्हणाला. "एवढं स्पष्ट ऐकू येतं, आणि मी..."

तेव्हा मी बोललो. ठरवून नाही. धैर्य वगैरेही नाही, ते माझ्यात असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. मळमळ अशी गळ्याशी आली की दोनच गोष्टी शक्य होत्या, तिथल्या फरशीवर ओकणं किंवा बोलणं. वाचत होतो त्याच सपाट आवाजात मी म्हणालो, "मी हाक दिली नव्हती."

त्याने ते परत म्हटलं. तपासणीच्या लयीत होता तो, ऐकलं की म्हणायचं. "मी हाक दिली नव्हती."

"बरोबर," बाई म्हणाली आणि कागदावर खूण केली. "अजून घ्यायचं का एखादं?" तो वळला नाही. भिंतीवर विजेच्या बटणांची पाटी होती, तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको. पुरे झालं." तिने रिपोर्ट लिहिला, शिक्का मारला, हसून त्याच्या हातात दिला. जिन्यात तो माझ्यापुढे दोन पायऱ्या होता. गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. तो समोरच्या काचेतून बघत होता. "बघितलं होतंत?" हो. "नीट?" वीतभरावरून. "मग?" मी म्हणालो, "तू हसशील म्हणून." बोलल्यावर ते शब्द गाडीत तसेच पडून राहिले आणि मला ते किती किरटे आहेत ते दिसलं. इतके दिवस मी त्यांच्याभोवती काय काय गुंडाळून ठेवलं होतं. त्याने थोडा वेळ विचार केला. तो सरळ माणूस आहे, विचारलं की विचार करून उत्तर देतो. "हसलोच असतो मी," तो म्हणाला. "आणि मग डावीकडून आलो असतो."

मी गाडी चालू केली. त्याने स्वतःला दाराकडे असं सरकवून घेतलं होतं की गिअर टाकताना माझा हात त्याच्या गुडघ्याला लागू नये. मला ते कळत होतं आणि मी गिअर सावकाश टाकत होतो. एका सिग्नलला तो म्हणाला, "सोमवारी अर्ज परत घेतो." मी म्हणालो, हो, घे. "ताईला सांगायचं नाही." मला वाटलं, याने मला माफ केलं. खरंच वाटलं. डोळ्यात पाणी आलं. मी म्हणालो, अरे, मीच सांगतो तिला, आजच सांगतो, मला आता हे... "नाही," तो म्हणाला. अजून समोरच बघत होता. "तुमच्यासाठी म्हणत नाहीये मी. तिला तुमच्याबरोबर राहायचंय. रोज जेवायचंय, झोपायचंय. मी आपला माझ्या खोलीवर जाईन." मागच्याने हॉर्न वाजवला. सिग्नल सुटला होता.

बायको दारातच उभी होती, हात ओले, पदराला पुसत. "काय म्हणाले?" त्याने रिपोर्ट तिच्या हातात दिला. "कान उत्तम आहेत, ताई. विसाव्या वर्षी असतात तसे." तिने कागद उलटसुलट केला, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिचा सगळा चेहरा सैल झाला. त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "उगाच जिवाला घोर लावलास." मग ती थांबली. "पण मग त्या दिवशी ऐकू कसं नाही आलं रे?"

"वारा होता," तो म्हणाला. वाकून बुटाची नाडी सोडायला लागला, एका हाताने, चार बोटांनी.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "इतका वारा होता?"

"होता," मी म्हणालो.